थर्टी-थर्टीची काडतुसं घरी भरताना: लिव्हर-ॲक्शन रायफलवाल्या नवख्यांसाठी

लिव्हर-ॲक्शन म्हणजे चापाखालचा लिव्हर खाली-वर करून पुढचं काडतूस आत घेणारी रायफल. तिच्या नळीखाली आणखी एक बारीक नळी असते. तिच्यात पाच-सहा काडतुसं एकामागे एक झोपवलेली असतात, प्रत्येकाचं टोक पुढच्याच्या बुडाला टेकलेलं. आणि बुडाच्या बरोबर मध्यभागी असतो प्रायमर, म्हणजे ठोका बसला की पेटणारी टिकली. रायफल उडाली की ही सगळी रांग धक्का खाते. नळीतली टोकदार, कडक गोळी त्या धक्क्याने पुढच्याच्या प्रायमरवर आपटली तर काडतूस तिथेच, तुमच्या डाव्या हाताखाली उडू शकतं. म्हणून या रायफलच्या गोळ्यांची टोकं चपटी किंवा गोल असतात. हे चित्र डोक्यात पक्कं बसवा आणि मगच पुढे वाचा. खाली जे सांगणार आहे त्यातलं निम्मंअधिक या नळीमुळेच आहे.

मी पेनसिल्व्हेनियात राहतो. इथे थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी हरणांचा रायफल-हंगाम सुरू होतो आणि गावच्या गाव भगव्या जाकिटांत रानात शिरतं. मोठ्या शिकारीसाठी इथे सेमी-ऑटोमॅटिक रायफल चालत नाही, त्यामुळे आजोबांची लिव्हर-ॲक्शन नातवाकडे येण्याची परंपरा टिकून आहे. माझी मार्लिन ३३६ शेजारच्या काकांनी निवडून दिली आणि काडतुसं भरायलाही त्यांनीच तळघरात बसवून शिकवलं. हा लेख थर्टी-थर्टी विंचेस्टर या एकाच काडतुसाबद्दल आहे. १८९४ सालच्या, जॉन ब्राउनिंगने घडवलेल्या विंचेस्टर रायफलसाठी ते १८९५ मध्ये बाजारात आलं, आणि इथल्या दाट जंगलात शंभर यार्डांच्या आतल्या हरणासाठी ते आजही पुरून उरतं.

आधी कायद्याचं

भारतात वाचत असाल तर हे फक्त वाचण्यासाठी आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तिथे हरणाची शिकार बंद आहे आणि १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं हा गुन्हा आहे.

अमेरिकेत स्वतःच्या वापरापुरती काडतुसं भरायला केंद्राचा परवाना लागत नाही. विकायची म्हटली तर लागतो, म्हणून मित्राला पैसे घेऊन एक डबाही देऊ नका. राज्याचे आणि शहराचे नियम वेगळे असू शकतात, तेवढे पाहून घ्या. आपल्या मंडळींना एक गोष्ट कुणी सांगत नाही: एच-१बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या माणसाला बंदूकच काय, काडतूस बाळगायलाही केंद्रीय कायद्याने सर्वसाधारणपणे मनाई आहे. त्याला काही मोजके अपवाद आहेत आणि वैध शिकार परवाना हा त्यातला एक. ग्रीन कार्डवाल्यांना ही अडचण नाही. व्हिसावर असाल तर पहिला डॉलर खर्च करण्याआधी वकिलाला विचारा. हौसेपायी इथलं राहणं धोक्यात घालू नये.

काडतुसाचे चार भाग

आपण मराठीत सगळ्यालाच ‘गोळी’ म्हणतो. या कामात ते चालत नाही. पितळेची पुंगळी, तिच्या बुडातला प्रायमर, आतली दारू आणि तोंडात बसवलेली गोळी असे चार भाग, आणि चौघे मिळून काडतूस. पुंगळीलाही माणसासारखं अंग आहे: बूड, धड, खांदा, मान आणि तोंड. बुडाला बाहेर आलेली कड असते. थर्टी-थर्टी चेंबरमध्ये, म्हणजे मुख्य नळीच्या मागच्या टोकाला काडतूस जिथे बसून उडतं त्या जागेत, या कडेवर अडतं, हे पुढे कामाला येईल.

वजनं ग्रेनमध्ये मोजतात. ७००० ग्रेनचा एक पौंड. हे माप परकं वाटत असेल तर आपला तोळा आठवा: ब्रिटिशांनी ठरवून दिलेला तोळा १८० ग्रेनचाच होता. म्हणजे हरणासाठी सर्रास वापरली जाणारी १७० ग्रेनची गोळी तोळ्याला जराशी कमी. हाताच्या तळव्यावर ती सोन्याच्या वळ्याइतकीच जड लागते.

काय काय लागेल

सुरुवातीला एका वेळी एकच काम करणारा साधा प्रेस, म्हणजे पुंगळी डायमध्ये दाबायचं हातयंत्र, घ्या. तासाला शेकडो काडतुसं काढणारे प्रेस असतात, पण हरणाच्या पूर्ण हंगामात दोन-चार काडतुसंही उडत नाहीत. तुम्हाला वेग नको आहे, प्रत्येक पुंगळी हातात घेऊन बघायची सवय हवी आहे. त्याच्यासोबत थर्टी-थर्टीचा डायचा, म्हणजे साच्यांचा संच, पुंगळीचं बूड धरणारा शेलहोल्डर, लांबी मोजायचा कॅलिपर, वजनकाटा आणि त्याची तपासणीची वजनं, पुंगळ्या उभ्या करायचा ठोकळा, नरसाळं, वंगण, पुंगळी कापायचा ट्रिमर, तोंडाची धार काढायचं हत्यार, हाताने प्रायमर बसवायचं साधन. डोळ्यांवर चष्मा हवाच, विशेषतः प्रायमर हाताळताना.

आणि पुस्तक. गोळी किंवा दारू बनवणाऱ्या कंपनीचं चालू आवृत्तीचं लोडिंग मॅन्युअल. किती ग्रेन दारू घालायची हा आकडा मी इथे मुद्दाम देत नाही आणि कुणा अनोळखी माणसाने दिला तर घेऊही नका. तो आकडा विशिष्ट गोळी, विशिष्ट दारू, विशिष्ट प्रायमर यांचा एकत्र असतो. त्यातलं एक जरी बदललं तरी मॅन्युअलमध्ये पुन्हा जावं लागतं.

टेबल तळघरात किंवा गॅरेजमध्ये असावं, स्वयंपाकघरात नाही. प्रायमरच्या राखेत शिसं असतं. काम करताना खाणं-पिणं नको, नंतर साबणाने हात धुवा, आणि लहान मुलांना त्या खोलीत रांगू देऊ नका. दारू सांडली तर झाडूने गोळा करा, व्हॅक्यूम क्लीनरने नाही. त्याच्या मोटरच्या ठिणगीने ती पेटू शकते. दारू आणि प्रायमर कायम मूळ डब्यांतच ठेवायचे.

पहिली पायरी: पुंगळ्या निवडणं

नव्या पुंगळ्या किंवा स्वतःच्या रायफलमधून एकदाच उडालेल्या घ्या. रेंजवर पडलेल्या उचलू नका. त्या कितीदा भरल्या गेल्या हे कुणालाच माहीत नसतं. सगळ्या एकाच कंपनीच्या असू द्या. स्वच्छ पुसा आणि उजेडात फिरवून पाहा. मानेला चीर असेल तर पक्कडीने चेपून भंगारात टाका.

खरी भीती बुडाशी असते. बोल्ट म्हणजे काडतुसाला मागून बंद करणारा दांडा. बोल्ट-ॲक्शन रायफलमध्ये तो पुढच्या बाजूला कुलूपबंद होतो. आपल्या लिव्हर-ॲक्शनमध्ये तो मागच्या टोकाला अडतो, त्यामुळे बार उडताना ती सगळी लांबी किंचित दबते आणि पुंगळी तेवढी ताणली जाते. दर खेपेला थोडी. ताण पडतो तो बुडाच्या जरा वर, आणि तिथे पितळ आतून पातळ होत जातं. बाहेरून चकचकीत रेघ दिसली तर समजावं. पण रेघ दिसण्याआधीही कळतं: कागद अडकवायची तारेची क्लिप सरळ करा, तिचं टोक घासून अणकुचीदार करून काटकोनात वाकवा, पुंगळीत घालून आतल्या भिंतीवरून बुडाकडून वर ओढा. कुठे खाचेत अडखळली तर ती पुंगळी संपली. काकांनी मला पहिल्या दिवशी दोन तास नुसतं हेच करायला लावलं होतं. तेव्हा कंटाळा आला. आज वाटतं की त्यांनी मला सगळ्यात मोलाचं तेच शिकवलं.

दुसरी: आकाराला आणणं

उडालेली पुंगळी फुगलेली असते. डायमधून ओढून तिला मूळ मापात आणायचं आणि त्याच झटक्यात जुना प्रायमर बाहेर पडतो. धडाला वंगणाचा पातळ थर लावा, अगदी पोळीला तूप फिरवतो तेवढाच. कमी लावलं तर पुंगळी डायमध्ये अडकून बसते; माझी तिसरीच अडकली होती आणि ती काढण्यात अख्खी संध्याकाळ गेली. जास्त लावलं तर खांद्यावर खळगे पडतात.

डायसोबतच्या कागदावर बहुधा लिहिलेलं असतं की डाय शेलहोल्डरला टेकेपर्यंत आणि वर आणखी थोडी फिरवा. थर्टी-थर्टीसाठी मी तसं करत नाही. तेवढं दाबलं की पुंगळीचा खांदा गरजेपेक्षा मागे जातो. पुंगळी कडेवर अडत असल्यामुळे चेंबरमध्ये ती सुखाने बसते, तुम्हाला काही कळत नाही, पण बार उडाला की खांदा झेप घेऊन पुढे जातो आणि बुडाशी ताण दुप्पट. म्हणून डाय जरा वर ठेवा, पुंगळी दाबा, पुसा, आणि प्रायमर-दारू नसलेली तीच रिकामी पुंगळी रायफलमध्ये घालून लिव्हर मिटवून पाहा. जड गेली तर डाय किंचित खाली. सहज मिटली की तिथेच थांबून डायचं कडं घट्ट करा. सहज म्हणजे खरंच सहज हवी. या रायफलच्या लिव्हरला आडमुठं काडतूस कोंबायची ताकद नसते, आणि गारठलेल्या बोटांनी पहाटे सहा वाजता तर नसतेच.

तिसरी: लांबी

थर्टी-थर्टी पुंगळीची कमाल लांबी २.०३९ इंच. ट्रिमरवर मी सगळ्या २.०२९ ला आणतो. इथे आळस करू नका, कारण शेवटी तोंड गोळीवर मुरडायचं आहे आणि लांबी वेगवेगळी असेल तर मुरड कुठे जास्त, कुठे कमी बसेल. कापून झालं की तोंडाची आतली-बाहेरची धार हलकी उतरवा आणि वंगण पूर्ण पुसून टाका.

चौथी: प्रायमर

लार्ज रायफल प्रायमर, आणि मॅन्युअलने सांगितला असेल तोच. हाताच्या साधनाने दाबताना तो तळाला टेकल्याचं बोटाला कळतं. बसल्यावर तो बुडाच्या पातळीच्या केसभर खाली असला पाहिजे. प्रत्येकावरून बोट फिरवा. वर आलेला प्रायमर कुठल्याही रायफलमध्ये वाईट, पण इथे त्याच्या मागे दुसऱ्या काडतुसाचं टोक टेकून बसणार आहे. बुडाबाहेर जरासाही जाणवला तर ते काडतूस पुढे नेऊ नका.

पाचवी: दारू

टेबलावर एकाच दारूचा एकच डबा. दुसरा कपाटात, कपाट बंद. दोन दारूंची मिसळ किंवा डब्यांची अदलाबदल ही या छंदातली सगळ्यात भयंकर चूक आहे आणि ती हुशार माणसांकडूनच होते, कारण त्यांना वाटतं आपण लक्षात ठेवू.

थर्टी-थर्टीसाठी आयएमआर ३०३१ ही जुनी, सिद्ध दारू. हॉजडनची लिव्हररेव्होल्यूशन नवी आणि वेगवान. मॅन्युअलमध्ये तुमच्या गोळीपुढे सुरुवातीचा आणि कमाल असे दोन आकडे असतील. सुरुवातीच्यापासून निघायचं. त्याच्या खालीही जाऊ नका. फार कमी दारूने गोळी रायफलच्या मुख्य नळीतच अडकू शकते आणि मागून दुसरी उडवली तर ती नळी फाटते. कमाल आकड्याकडे धावण्याचं कारणच नाही. थर्टी-थर्टीसाठी ठरवलेली कमाल दाबमर्यादा ४२ हजार पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) आहे, थर्टी-ओ-सिक्स या बोल्ट-ॲक्शनमधल्या काडतुसासाठी ती ६० हजार. म्हणजे बोल्ट-ॲक्शनवाल्या मित्राच्या सवयी आणि ‘प्रायमर चपटा झाला नाही, म्हणजे ठीकच’ हे त्याचं गणित इथे उपयोगाचं नाही. या रायफलमध्ये प्रायमर बोलेपर्यंत मर्यादा कधीच ओलांडलेली असू शकते.

काटा तपासणीच्या वजनाने आधी पडताळा, मध्ये मध्ये पुन्हा. एसीचा किंवा पंख्याचा झोत त्याच्यावर नको. नवख्याने प्रत्येक माप वजन करूनच ओतावं. सगळ्या पुंगळ्या ठोकळ्यात उभ्या झाल्या की टॉर्च घेऊन वरून डोकवा: सगळ्यांत दारूची पातळी सारखी दिसली पाहिजे. एखादी रिकामी किंवा काठोकाठ दिसली तर ती ओतून पुन्हा. फोन आला तर उठा, पण परत आल्यावर अर्धवट पुंगळी ओतून पहिल्यापासून करा. मी फोन वर ठेवून येतो.

सहावी: गोळी बसवणं आणि मुरड

गोळी ०.३०८ इंच व्यासाची, वजन १५० किंवा १७० ग्रेन, टोक चपटं किंवा गोल, आणि कमरेला खाच असलेली. पाकिटावर थर्टी-थर्टी लिहिलेलंच घ्या, ०.३०८ व्यासाच्या टोकदार गोळ्या शेजारीच मांडलेल्या असतात आणि त्या नळीत जाता कामा नयेत. हॉर्नाडीच्या एफटीएक्स गोळीचं टोक निमुळतं दिसतं, पण ते मऊ पॉलिमरचं आहे आणि नळीसाठीच बनवलेलं आहे. घरात लहान मुलं हरणाचं मांस खाणार असतील तर बार्न्सची १५० ग्रेनची चपट्या टोकाची तांब्याची गोळी विचारात घ्या, कारण शिशाच्या गोळीचे बारीक कण जखमेपासून बरेच दूर पसरतात. तांब्याच्या गोळीसाठी दारूचा आकडा वेगळा, हे सांगायला नकोच.

आधी दोन नकली काडतुसं बनवा, दारू नाही, प्रायमर नाही. त्यांवर डाय जुळवा. गोळीची खाच पुंगळीच्या तोंडाशी आली पाहिजे आणि एकूण लांबी २.५५० इंचांच्या आत, मॅन्युअलमध्ये त्या गोळीसाठी दिलेली. नकली काडतुसं नळीत भरून लिव्हर चालवून पाहा. फार लांब झालं तर वर येताना अडतं.

मग मुरड. नळीतली स्प्रिंग गोळीला सतत मागे ढकलत असते आणि प्रत्येक बाराचा धक्का त्यात भर घालतो. गोळी पुंगळीत खोल गेली तर आतली जागा कमी होते आणि दाब वाढतो. म्हणून तोंडाची कड गोळीच्या खाचेत वळवून तिला धरून ठेवायची. बसवणं आणि मुरडणं एकाच झटक्यात करता येतं, पण नवख्याने दोन वेगळ्या फेऱ्यांत करावं. माझ्या पहिल्या वर्षी मी एकत्र केलं, डाय जरा जास्त खाली होती, आणि वीसपैकी सात काडतुसांचे खांदे फुगले. डोळ्याला काही दिसत नव्हतं. हंगामाच्या पहिल्या पहाटे लिव्हर मिटेना तेव्हा कळलं. चाळीस यार्डांवर मादी उभी होती आणि मी काडतुसाशी झटत होतो. त्या दिवसापासून मुरडीसाठी वेगळी डाय.

नकली काडतूस कॅलिपरने मोजा, गोळीचं टोक टेबलाच्या कडेवर अंगठ्याच्या जोराने दाबा, पुन्हा मोजा. लांबी तीच राहिली तर मुरड चांगली. आता खरी भरा.

डब्यावर लगेच लिहा: तारीख, गोळी, दारू आणि तिचं वजन, प्रायमर, पुंगळीची कंपनी आणि ती कितव्यांदा भरली. ज्या डब्यावर नाव नाही ती काडतुसं मोडून टाकायची. आणि आपली काडतुसं दुसऱ्याच्या रायफलमध्ये कधीच नाही.

रेंजवर

सुरुवातीच्या मापाची पाच, त्याहून अर्धा ग्रेन वर पाच, आणखी अर्धा वर पाच. प्रत्येक बारानंतर लिव्हर कशी उघडते ते हाताने अनुभवा. जड झाली, पुंगळी चिकटली, तर तिथेच थांबा आणि उरलेली घरी नेऊन मोडा. बाराचा आवाज विचित्र मऊ आला तर रायफल रिकामी करून मुख्य नळीत अडथळा नाही ना ते बघितल्याशिवाय पुढचा बार नाही.

बारांमध्ये रायफलला निवू द्या. नळीला खालची नळी आणि पट्ट्या बांधलेल्या असतात, तापली की नेम सरकतो आणि आपण दोष दारूला देतो. शंभर यार्डांवर पाच बार दोन-अडीच इंचांत पडले की शोध थांबवा. हरणाचं काळीज-फुप्फुस साधारण आठ इंचांच्या थाळीएवढं असतं. १७० ग्रेनच्या गोळीसाठी मी शंभर यार्डांवर नेमापेक्षा दोन इंच वर लावतो, म्हणजे दीडशेच्या आसपास ती नेमावर येते, आणि त्यापलीकडे मी बार टाकत नाही.

हंगामासाठी बाजूला काढलेली दहा काडतुसं एक-एक करून रेंजवरच, नळीचं तोंड मातीच्या बांधाकडे ठेवून आणि बोट चापापासून लांब ठेवून, चेंबरमध्ये घालून काढून पाहा. घरात हे करू नका.

हंगामानंतर

उडवलेल्या पुंगळ्या रानात सोडू नका, खिशात घाला. पुढच्या फेरीत क्लिपची परीक्षा त्यांचीच आहे. पण घरी आल्यावर तो खिसा रिकामा करायला विसरू नका. तीच पाठपिशवी, तेच जाकीट घेऊन माणूस डिसेंबरात मुंबईला निघतो. भारतातल्या विमानतळावर सामानात जिवंत काडतूस सापडलं तर शस्त्र कायद्याखाली अटक होऊ शकते, आणि रिकाम्या पुंगळीवरूनही तासन्‌तास चौकशीत जाऊ शकतात. माझी शिकारीची पिशवी, जाकीट आणि बूट तळघराच्या बाहेर येत नाहीत. प्रवासाच्या बॅगा वरच्या मजल्यावर असतात. तरीही निघायच्या आदल्या रात्री मी बॅगांचे सगळे कप्पे चादरीवर उलटे करून झटकतो.